पुन्हाउठान

आमी ख्रिस्ती, आजापासूनचे. गावात आमची थोडीच घरं. दर रविवारी देवळात सगळे उभे राहून विश्वासाचा अंगीकार म्हणतात, त्यात शरीराचं पुनरुत्थान येतं. म्हणजे मेलेलं माणूस शेवटच्या दिवशी अंगानिशी उठणार. माझ्या बायकोनं शाळा पाहिलेली न्हाई. ती 'पुन्हाउठान' म्हणायची, अन् तेही सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. पाळकसाहेबांनी लय वेळा सुधारून पाहिलं. ती म्हणायची, "साहेब, उठायचंच हाय ना? मंग झालं."

ती गेली तवा विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलेलं होतं. मातीला जावई औरंगाबादहून आले, अन् एस.टी. बंद झाली म्हणून इथंच अडकले. ते कॉलेजात शिकवतात. माणूस चांगला. पण त्या दिवसांत कुठल्यातरी आश्रमात डोळे मिटून बसायला जायचे, अन् येशू, बुद्ध, सुफी सगळ्यांची एकच खिचडी शिजवायचे. ज्याचं त्याचं सत्य, म्हणायचे.

ओसरीवर ते मला समजावायला लागले. "मामा, मामी कुठं गेल्या नाहीत. त्या आता ऊर्जा झाल्यात. या वाऱ्यात आहेत, त्या लिंबाच्या झाडात आहेत."

"झाडात काय करायलीय?"

"तसं नाही मामा. पुनरुत्थान हे प्रतीक आहे."

"म्हणजे उठणार न्हाई."

"तुमच्या मनात उठतील ना."

"मनात ती बसलेलीच हाय. तिथं उठून काय करंल?"

माझं वाऱ्याशी काही वाकडं न्हाई. पण वारा भाकरी थापत न्हाई, अन् माझी तंबाखू लपवून वर मलाच बोलत न्हाई. मला तीच पायजे, डाव्या गुडघ्यानं लंगडणारी.

मंग कबरीच्या दगडाचं निघालं. जावई म्हणले, 'अनंतात विलीन' लिहू. मी म्हणलं, 'पुन्हाउठान'. पाळकसाहेब म्हणले, शब्द अशुद्ध हाय, दगडावर कायमचा राहील. तोवर जावयांचं अन् पाळकांचं एकाबी गोष्टीत जमलं नव्हतं. इथं जमलं.

"मामींना वाचता तरी येत होतं का?" जावयांनी विचारलं.

"न्हाई. म्हणून तर तिचाच शब्द पायजे. दुसरा तिला ओळखू यायचा न्हाई."

पाळकसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. "शब्दाचं राहू द्या. ती उठंल, असा तुमचा विश्वास हाय का?"

"साहेब, रिवाजानं पाय पूर्वेला करून पुरलीय तिला. उठली की तोंड उगवतीला व्हावं म्हणून. निसतं झोपायलाच असतं तर कुठंबी केले असते पाय."

पाथरवटानं मी सांगितलं तसंच कोरलं.

आता रविवारची उपासना झाली की मी कबरीवर जातो अन् दगडावरला शब्द मोठ्यानं वाचतो. अजून उठली न्हाई. तशी पहिल्या हाकेला ती कधीच उठत नव्हती.