अकरा नंबरच्या चार गोळ्या

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणायचे, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. जिना चढताना बाई पायऱ्या मोजायच्या, मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांचे ‘म्हणजे बघा’ मोजायच्या. “लग्नाआधी हिने माझे दात मोजून घेतले,” असं त्यांचे मिस्टर मला एकदा म्हणाले, तर बाई पटकन म्हणाल्या, “एकोणतीस भरले. तीन अजून सापडले नाहीत.”

मी औषधखोलीत, आणि बाईंचं टेबल माझ्या समोर. हॉस्पिटल आमचं लहानसंच, पण बाहेरच्या मोठ्या हॉस्पिटलांबरोबर कॅन्सरच्या एका नव्या गोळीची ट्रायल आमच्याकडेही चालू होती, आणि तिचं काम बाई बघायच्या. उपचार संपलेल्यांचा आजार उलटू नये म्हणून ही गोळी. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. कोणाला कुठली, हे आम्हालाही माहीत नसायचं. पेशंटनी सहा महिन्यांतून एकदा तपासणीला यायचं. मधे दर अठ्ठावीस दिवसांनी घरचं कोणीतरी जुनी बाटली आणि डायरी आणून द्यायचं आणि नवी घेऊन जायचं. बाटलीत बत्तीस गोळ्या. रोज एक घेतली की चार उरायला हव्यात. डायरीत रोजचं लिहायचं: गोळी किती वाजता घेतली, झोप कशी लागली, दुखणं शून्य ते दहापैकी किती.

चार कधी उरत नसत. कोणाच्या सहा, कोणाच्या तीन. एकीच्या बाटलीतून तर शर्टाचं बटण निघालं. बाई ट्रेवर गोळ्या सरकवत म्हणायच्या, “जिवंत माणूस चुकतोच. सारखं बरोबर यायला लागलं की मला धडकी भरते.” मी हसायचो. अक्कल यायला वेळ लागतो माणसाला.

अकरा नंबरचे पेशंट घड्याळं दुरुस्त करायचे. आधीच्या औषधांनी बोटं बधिर झालेली, म्हणून ते सांगायचे आणि डायरी बायको लिहायची. ‘दुखणं तीन. हिचं बोलणं धरलं तर सात.’ रविवारची गोळी हमखास विसरायचे. ट्रायलच्या कागदावर सही करायलाच तयार नव्हते. “मी काय उंदीर आहे?” म्हणाले होते. बाई तासभर त्यांच्याशेजारी बसल्या. शेवटी म्हणाल्या, “मी आहे ना. तुमचं रोजचं मी बघेन.” त्या शब्दावर त्यांनी सही केली.

मग एका महिन्यात त्यांच्या बाटलीत चार गोळ्या उरल्या. पुढच्या महिन्यात चार. तिसऱ्या महिन्यात चार, चौथ्यातही चारच. डायरीत दुखणं शून्य, शून्य, शून्य, आणि विनोद बंद. बायको यायची, खिडकीशी बाटली ठेवायची, नवी घ्यायची. “कसे आहेत?” विचारलं की म्हणायची, “बरे आहेत. आंघोळीला गेलेत.”

मोठे डॉक्टर हरखून गेले. “म्हणजे बघा, चार महिने दुखणं शून्य!” सोमवारी सगळ्या हॉस्पिटलांच्या मीटिंगमध्ये ते अकरा नंबरबद्दल बोलणार होते. बाई म्हणाल्या, “सर, त्याआधी मला त्यांचा आवाज ऐकू द्या.”

शुक्रवारी सकाळी दहाला बाईंनी फोन लावला. आंघोळीला गेलेत. दुपारी एकला लावला. आंघोळीला गेलेत. तीनला बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. बायकोच्या आवाजामागे पाणी पडत होतं, एकसारखं.

“दिवसभर कोण आंघोळ करतं?” मी म्हणालो.

“तुम्ही तर नक्कीच नाही,” बाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. पर्स उचलली. “चला.”

“मी कशाला?”

“एकटीला भीती वाटतेय म्हणून.”

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाईंनी पायऱ्या मोजल्या नाहीत. वर पोचलो तर शेजारीण आपल्या दाराला कुलूप लावत होती. कोणाकडे आलो ते तिने विचारलं आणि म्हणाली, “आता एकट्याच असतात हो. ते जाऊन चार महिने झाले. तुम्हाला कोणी कळवलं नाही?”

मी सरळ मागे फिरणार होतो. बाईंनी माझी बाही घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने बेल दाबली.

बायकोने दार उघडलं. नीटनेटकी, केस विंचरलेले. “या ना. बसा. आंघोळीला गेलेत.”

भिंतीवर सात-आठ घड्याळं, सगळी चालू आणि सगळ्यांत एकच वेळ. दुरुस्तीच्या टेबलावर दिवा लावलेला. खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट. आतून पाण्याचा आवाज येत होता. ती बाथरूमच्या दाराशी गेली, टकटक केलं, म्हणाली, “अहो, हॉस्पिटलातल्या बाई आल्यात.” दाराला कान लावून उभी राहिली. मग मान डोलवत परत आली. “येतोच म्हणाले.”

शेजारीण खोटं बोलली असावी, असं मला क्षणभर वाटून गेलं.

ते गेले का, असं बाईंनी विचारलंच नाही. हलकेच म्हणाल्या, “गोळ्या कोण घेतं?”

“मीच. रोज नऊला. फेकून कशा द्यायच्या? तुम्ही मोजता ना.”

“आणि डायरी?”

“तीही माझीच. पण खोटं नाही लिहिलं हं, बाई. मला कुठे काही दुखतच नाही. शून्यच आहे.”

बाई उठून बाथरूमच्या दाराशी गेल्या. “नळ बंद करू?”

“नको!” तिचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “त्या दिवशी मी दीड तास बाहेर होते. पाणी चालू होतं, म्हटलं, चाललीय आंघोळ. मी तो शर्ट इस्त्री करत बसले. पाणी चालू होतं तोवर ते होते, बाई. मी आत जाऊन नळ बंद केला, आणि मग नव्हते.”

बाईंचे डोळे भरून आले होते. “ती गोळी तुमच्यासाठी नाही हो,” त्या म्हणाल्या. “खरी असली तर अंगावर यायची. आजच रक्त तपासायला हवं. मी त्यांना शब्द दिला होता, रोजचं बघेन म्हणून. आणि चार महिने मी नुसत्या चार गोळ्या मोजत बसले. माझं चुकलं.”

त्यांनी तिचा हात हातात घेतला. दार ढकलून दोघी आत गेल्या. बादली भरून वाहत होती. खुंटीवर टॉवेल, कोरडा. दाराशी पुरुषी चपला. बाईंनी तिचा हात नळावर ठेवला, वर आपला ठेवला, आणि नळ बंद केला.

आत कोणीतरी खाकरलं. पाइपातली हवा असणार. अजूनही मी तेच म्हणतो. ती म्हणाली, “ऐकलंत?”

मग ती तिथेच ओल्या उंबऱ्यात खाली बसली आणि रडली. चार महिन्यांचं रडली.

बऱ्याच वेळाने बाईंनी फॉर्म काढून अकरा नंबरपुढे ते गेल्याची खरी तारीख लिहिली. निघायची वेळ झाली तेव्हा तिने टेबलावरची डायरी ओढून घेतली. आजचं पान कोरं होतं.

“हे त्यांचं लिहायचं की माझं?”

“तुमचं लिहा.”

शून्यापासून दहापर्यंत छापलेल्या चौकोनांवरून तिचं बोट सरकत गेलं आणि शेवटच्या चौकोनापाशी थांबलं. “याच्यापुढे नाही का?”

फॉर्मवर एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी बाई आमचं डोकं खायच्या. त्यांनी पेन घेतलं, आणि दहाच्या पुढे हाताने एक चौकोन काढून दिला.