यादीत एक नाव जास्त आलं

गेल्या महिन्यात एका सोमवारी दुपारी धाराशिवच्या आमच्या ऑफिसात एक प्रकार घडला. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या पॉलिटेक्निकच्या बॅचचं गेट-टुगेदर तुळजापूरला ठरलं होतं. सगळ्यांची नावं आणि नंबर एका जुन्या वेबपेजवर होते... शेवटच्या वर्षी आमच्या संतोषने बनवलेलं साधं पेज. यादी काढायचं काम माझ्याकडे आलं.

एकेक नाव कॉपी कोण करणार? मी रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं. म्हणजे एक साचा द्यायचा, आणि पेजच्या कोडमध्ये त्या साच्यात बसेल ते सगळं कॉम्प्युटर उचलून आणतो. असं करू नये, चुकतं, हे मीच ज्युनिअर्सना सांगत असतो. पण एवढंसं तर काम...

पेजवर त्रेचाळीस नावं होती. यादीत चव्वेचाळीस आली. मोजताना चुकलं असेल म्हणून मी न बघताच सगळ्यांना एकदम मेसेज पाठवला. प्रत्येकाला त्याच्या नावाने.

चहा घेऊन आलो तर फोनवर वैशालीचं उत्तर आलं होतं.

"किती वाजता यायचं?"

लॅबमध्ये वैशाली माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायची. पास झाल्यावर वर्षाच्या आतच ती अपघातात गेली. मातीला मी गेलो होतो... त्यानंतर तिच्या घरी कधीच नाही.

पेज उघडून पुन्हा पाहिलं. तिचं नाव नव्हतं. सर्च केलं, तरी नाही. इकडे फोनवर तिचाच फोटो, आणि नावाखाली 'टायपिंग' येत होतं... थांबत होतं... परत येत होतं.

मग पेजचा मूळ कोड उघडला. तिची ओळ तिथे होती, पण कॉमेंटमध्ये टाकलेली. कॉमेंट म्हणजे कोडमध्ये असतं, पण ब्राउझर ते दाखवत नाही. माझ्या साच्याला हा फरक कळला नाही. त्याला नुसती अक्षरं दिसली.

संतोषला फोन केला. तो म्हणाला, "ती गेल्यावर नाव काढायला बसलो होतो रे. डिलीट करायला हात धजला नाही. झाकून ठेवलं."

धीर करून त्या नंबरवर फोन लावला. नुसता श्वास ऐकू आला, मग एक थकलेला आवाज. "कोण? मी वैशालीची आई बोलते."

मी नाव सांगितलं, माफी मागितली. चुकून गेला मेसेज, म्हणालो.

"चुकून का व्हईना," त्या म्हणाल्या. "तिचा फोन म्या बंद न्हाय पडू दिला. पण तिच्या नावानं लई वर्सांत कुणाचं काय आलं न्हाय बाबा... मी आले तर चालंल का?"

नाही कसं म्हणणार?

रविवारी गेट-टुगेदरला त्या येडशीहून एकट्याच एसटीने आल्या. मागच्या खुर्चीवर बसल्या. आम्ही एकेक जण उठून नाव, गाव, सध्या काय करतो ते सांगत होतो. त्यांची पाळी आली तेव्हा मी घाईने म्हणालो, "काकू, तुम्ही बसा."

त्या उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "वैशाली. गाव येडशी." आणि खाली बसल्या.

मला मागे वळून बघायची हिंमत झाली नाही... पुढच्या मुलाने आपलं नाव सांगितलं, तेव्हा कुठे सगळे हलले.

निघताना मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत चढता चढता म्हणाल्या, "पुढल्या वर्सी बी मेसेज कर. माझ्या नावानं नगं. तिच्याच नावानं कर."

करतो म्हणालो. अंगावर काटा होता, पण तिच्या घरी न गेल्याचं जे इतकी वर्षं टोचत होतं, ते त्या दिवशी थोडं कमी झालं. काकू, तुम्ही आलात... उपकार झाले.