शुक्रवारचं फडकं

कुठलाही कपडा हातात आला की इस्त्रीवाले चाचा आधी तो नाकाला लावत. कोणाकडे सुकट भाजली, कोण बायकोपासून लपवून सिगारेट ओढतो, सगळं त्यांना कळे आणि ते चारचौघांत सांगूनही टाकत. आखातात, तुबलीतल्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे पुरुष त्यांच्यावर खार खाऊन होते.

चाचा मूळचे दापोलीकडचे. तळमजल्यावर त्यांची लाँड्री. एकदा माझ्या मुलीचा शाळेचा शर्ट हुंगून म्हणाले, "वहिनी, ह्याला जळक्या वायरीचा वास येतोय." मुलगी तेव्हा सात वर्षांची. महिनाभर खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखत होत्या आणि मी नुसती औषधं बदलत होते. चाचांनी मला गच्चीवर नेऊन मागचं भंगाराचं आवार दाखवलं. तिथे जुन्या केबल जाळून आतलं तांबं काढत, आणि धूर सरळ आमच्या खिडक्यांत येई.

आवाराच्या मालकाला सांगितलं, तर तो म्हणाला, ही वाळवंटाची धूळ आहे. चाचांचं डोकंच फिरलं. त्यांनी प्रत्येक खिडकीबाहेर पांढरं फडकं बांधलं आणि धोब्याच्या शाईने कोपऱ्यात फ्लॅटचा नंबर व तारीख घातली. रोज पहाटे जुनं काढायचं, नवं बांधायचं. आठवड्याने मी ती फडकी मागितली, तर चाचांनी सगळी धुऊन, नीळ घालून, कडक इस्त्री करून माझ्यापुढे ठेवली. मी कपाळाला हात लावला. "हाताची सवय, वहिनी," एवढंच पुटपुटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

महिन्याभरात गठ्ठा जमला. बलदियात, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, अर्ज द्यायचं ठरलं. माझे यजमान घाबरले. व्हिसा जाईल, नसते उद्योग कशाला, म्हणाले. मी तणतणत इंग्रजीत अर्ज लिहिला आणि सही करणार, तेवढ्यात चाचांनी पेन काढून घेतलं. साहेबांचा व्हिसा सांभाळा, म्हणाले, आणि खाली स्वतःची सही ठोकली.

बलदियाचा साहेब पाहणीला आला. मालकाने पुन्हा वाळवंटाचं पुराण लावलं. चाचांनी शांतपणे फडकी तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. सगळी काजळलेली, फक्त शुक्रवारची तेवढी पांढरी. शुक्रवारी आवार बंद असे.

"साब," चाचांनी विचारलं, "रेगिस्तान को जुम्मे की छुट्टी होती है क्या?"

साहेब हसला नाही. त्याने फडकी बॅगेत भरली. पंधरा दिवसांत जाळणं खलास झालं आणि माझी मुलगी रात्रभर न खोकता झोपू लागली.

पण ज्याच्या नावावर चाचांचा व्हिसा आणि लाँड्री होती, तो अरबी स्पॉन्सर आवाराच्या मालकाच्या ओळखीतला निघाला. तक्रार चुकून केली असं लिहून दे, नाहीतर व्हिसा कॅन्सल, असा त्याचा निरोप आला. चाचांनी पेनाला हातही लावला नाही. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला आणि स्वतःची इतकी लाज, की दोन दिवस मी त्यांच्यासमोर गेलेच नाही.

व्हिसा गेला. चाचा दापोलीला निघाले त्या सकाळी सगळी बिल्डिंग खाली आली होती, खार खाणारेसुद्धा. मी रडत म्हटलं, चाचा, आमच्या पोरीपायी तुमचं चालतं दुकान गेलं.

ते चिडले. अगदी मनापासून चिडले.

"पोरीचं नाव कशाला घेता? बारा वर्षं तीच हवा मी पण खाल्लीय. मला काय छाती नाय, वहिनी?"