पांढरा रस्सा आणि चिनी पाहुणे

आमच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे तयार करणारं नवं मशीन चीनहून आलं, पण साच्यांच्या कडा ढासळू लागल्या; तेव्हा मशीनच्या मागोमाग ते बनवणाऱ्या कारखान्याचे मालकही कोल्हापूरला आले. सत्तरी ओलांडलेले, बुटके, अबोल गृहस्थ. दुभाषी म्हणून एक चिनी मुलगी सोबत होती. मशीन ठरवायला मी आधी त्यांच्याकडं जाऊन आलो होतो, त्यामुळं तिथल्या रीतीभाती मला थोड्याफार ठाऊक होत्या. आदल्या दिवशी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बसवून सगळं सांगितलं. पाहुण्यांनी दिलेलं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, मग समोर ठेवायचं. मुख्य पाहुण्याला दाराकडं तोंड करून बसवायचं.

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचं कार्ड एका हातानं घेऊन, न बघताच खिशात कोंबलं. पाहुणे नुसतेच हसले.

दुपारचं जेवण घरी होतं. आईनं मटणाचं ताट केलं होतं. सगळ्यांना वाढून झालं तसे पाहुणे उठून उभे राहिले. त्यांच्याकडं दारूचा पेला उंचावतात, तशी त्यांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी दोन्ही हातांनी उचलली. आबाही उठले. वाटीला वाटी लावताना पाहुण्यांनी आपली वाटी मुद्दाम खाली घेतली. समोरचा माणूस आपल्यापेक्षा मोठा, असा त्याचा अर्थ. नेमकं हेच सांगायला मी विसरलो होतो.

आबांनी क्षणभर बघितलं आणि आपली वाटी त्याहून खाली नेली. पाहुण्यांनी आणखी खाली. आबा कमरेत वाकले, तसे पाहुणेही वाकले. वाट्या टेबलाला टेकायच्या बेतात आल्या. आई भाकरी हातात धरून तशीच उभी. मग आबांनी डावा हात पाहुण्यांच्या वाटीखाली घातला आणि ती अलगद उचलून आपल्या वाटीच्या बरोबरीला आणली.

"सारकं धरा की पावणं!"

दुभाषी मुलगी भाषांतर करायचं विसरली. "हे त्यांना कुणी शिकवलं?" तिनं मला हळूच विचारलं. "आमच्याकडं अगदी जिव्हाळ्याची माणसंच असं करतात."

आबांनी जन्मात कधी विमानात पाय ठेवला नव्हता.

पाहुण्यांनी रस्सा एका दमात संपवला आणि तिकडच्या रीतीप्रमाणं रिकामी वाटी तिरकी करून सगळ्यांना दाखवली. आईनं ती लगेच भरली.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी फौंड्रीतूनच परत निघणार होते. त्यांना निरोप द्यायला मी फौंड्रीत गेलो, तर कोट काढून, बाह्या सारून ते स्वतः मशीनखाली शिरलेले. आबा शेजारी उकिडवे बसून नट आवळायचे पाने देत होते. मुलगी बाहेर गाडीत फोनवर बोलत होती. आत आबा कोल्हापुरीत बोलत होते, पाहुणे चिनीत, आणि लागेल तो पाना बरोबर हातात पडत होता. निघायची वेळ टळून गेली; दुपारी पहिला धड साचा निघाला, कडा कुठंही न ढासळता. मी दारातच उभा राहून बघत होतो. आत जायचं मला धाडस झालं नाही.