तिच्या हातचा चारा

माझा नवरा एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात आहे. सुट्टीला तो मित्रासोबत बदनापूरच्या पुढच्या तलावावर गळ टाकायला जातो. गळाच्या आधी पाण्यात चाऱ्याचे गोळे टाकावे लागतात, म्हणजे मासे एका जागी जमतात. हा चारा तो माझ्याच कढईत भाजायचा. शेंगदाण्याची पेंड, मेथ्या, थोडं ज्वारीचं पीठ, वरून गूळ. घरभर वास. मी कुरकुरायचे, पण पेंड कुटून मीच द्यायचे.

मग एकदा तो मित्राच्या घरून तयार चाऱ्याचा डबाच घेऊन आला. झाकण उघडून म्हणाला, "वास घेऊन बघ. वहिनीनं केलाय. असा हात पाहिजे!"

माझ्या भाजीला लग्नापासून "बरी झाली" याच्या पुढे त्यानं शब्द काढला नव्हता. मी डब्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या शनिवारी मी स्वतः घाण्यावरून ताजी पेंड आणली. मंद आचेवर भाजली, बडीशेप टाकली, गोळे लाडवासारखे गुळगुळीत वळले. "उद्या मी पण येते," म्हणाले.

तलावावर मित्राची बायको पण आलेली. माझ्याहून लहान, हसरी. तेही मला खुपलं. तिचा गोळा पाण्यात हळूहळू सुटायचा, बुडबुडे यायचे. माझा दगडासारखा तळाला जाऊन बसला.

"ताई, वास तर लई भारी हाय," ती म्हणाली, "पर पीठ जास्त पडलं. गोळा फुटून न्हाई राह्यला." आणि तिनं माझे उरलेले गोळे फोडून आपल्या चाऱ्यात कालवायला घेतले. तिचा हात धरून बाजूला सारावा असं मला वाटलं.

कालवता कालवताच ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचा लई राग येतो. आमचे हे जेवायला बसले की एकच, भाऊजींच्या डब्यातली वहिनीच्या हातची लसणाची चटणी. माझी चटणी ताटात तशीच राह्यते."

मग दोघींनाही हसू आलं.

त्या चाऱ्यावर मोठा कटला मासा लागला. नवरा दोरी ओढत ओरडला, "वहिनी, तुमचा चारा लागू पडला!"

"अर्धा ताईंचा हाय, भाऊजी."

त्याला ते ऐकूच गेलं नाही. परतताना गाडीवर चटणीची गोष्ट त्याला सांगितली नाही. ती मला रस्ताभर गोड लागत होती, आणि उरलेला चारा भरून दिलेला, मांडीवरचा तिचा डबा तेवढाच टोचत होता.