नदी नसलेल्या देशातले मेश्रामकाका

मेश्रामकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं, ते बर्फात उभं राहून भांडताना. एक्क्याण्णवचा जानेवारी होता. नेपरव्हिलमधली माझी मैत्रीण सुजाता दारापुढचा बर्फ फावड्यानं सारत होती आणि तिचे वडील कानटोपी ओढून तिच्यावर चिडले होते. "अगं बाप्पा, आभाळातून गोडं पाणी पडून राहिलं अन् तू ते गटाराकडे ढकलतेस?"

काका मूळचे नागपूरकडचे. वीस वर्षं ते कुवेतमध्ये, समुद्राचं पाणी पिण्याजोगं करणाऱ्या कारखान्यात होते. आदल्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शहरात घुसलं. ओळखीचे भारतीय मिळेल त्या वाहनानं निघाले; काका मात्र दोन सहकाऱ्यांसोबत आणखी पंधरा दिवस कारखान्यातच थांबले. मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण दवाखान्यात माणसं होती. नळ बंद पडला असता तर त्यांनी काय पेट्रोल प्यायचं होतं?"

मग बसनं इराक ओलांडून जॉर्डन, तिथे वाळवंटात तंबू, विमानानं मुंबई आणि शेवटी लेकीचं घर. सोबत एक पिशवी.

आमच्या शनिवारच्या जेवणांना मुलं त्यांच्याभोवती जमायची. "असा देश सांगा, जिथं एकही नदी नाही." "No river? मग लोक राहतात कसे?" सुजाताची मुलगी विचारायची. काका खुलायचे. पूर्वी तिथे पिण्याचं पाणी लाकडी गलबतांतून इराकहून यायचं, तेल सापडण्याआधी माणसं श्वास कोंडून समुद्राच्या तळाशी मोती शोधायची, आणि एके काळी बाजारात चक्क आपला रुपया चालायचा. "जमिनीखाली तेलाचा समुद्र, अन् वर प्यायला थेंब नाही. असा श्रीमंत देश तुम्ही पाह्यला का?"

पुढच्या महिन्यात टीव्हीवर कुवेतच्या पेटलेल्या तेलविहिरी दिसू लागल्या. भर दुपारी तिथलं आभाळ काळं झालं होतं. आम्ही सगळे आग बघत होतो, काका एकटे म्हणाले, "आग विझवतील हो. समुद्रात तेल सोडलंय, ते पाहा. ते कारखान्याच्या तोंडाशी गेलं तर लोक पितील काय?" त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ग्रीन कार्ड आल्यावर शेजारच्या गावातल्या पाणीपुरवठा केंद्रात त्यांना इंटरव्ह्यूला बोलावलं. ड्राइव्ह मीच केलं. काका चौपन्न वर्षांचे, आणि सर्टिफिकेट एकही नाही. वाटेत मीच घाबरले होते. काका निवांत. "कागद कुवेतात राह्यले. डोकं सोबत आणलंय."

मॅनेजरनं कागद मागितले तेव्हा काकांनी त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला आणि अख्खा कारखाना आठवणीतून काढला, समुद्राच्या तोंडापासून नळापर्यंत. मॅनेजरनं आणखी दोघांना हाक मारली. तासाभरानं काका बाहेर आले. "सोमवारपासून ये म्हणाले. हाताखालचा माणूस म्हणून घेतलंय. होऊ दे, सहा महिन्यांत विचारायला येतील." चारच महिन्यांत येऊ लागले.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात काका गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यात ते रिटायर झाले, तेव्हा केंद्रावरून घरी आणायला मी गेले होते. गाडीत मी सहज विचारलं, "काका, तुम्ही पाण्याच्याच कामात कसे पडलात?"

"माझा बाप गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून उभा राह्यचा. वरून कोणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर तसंच परतायचं. पाटलाच्या पोरानं त्याला एकदा दुपारभर उभं ठेवलं. मी सोबत होतो. तवाच ठरवलं, शिकायचं ते पाण्याचंच."

सिग्नलला गाडी थांबली. काका पुढे सांगू लागले.

"तो पाटलाचा पोरगा पुढे कुवेतला आला. ड्रायव्हर होता. बारा वर्षं मी बनवलेलं पाणी प्यायला."

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत?"

"कशाला?" काका म्हणाले. "तहानच लागली होती ना त्याला."