आबांचा चष्मा आणि कोळ्याचा फोटो

कॅमेरा मंडळातल्या दोस्तांनो, आत्ताच वाडीतून परतलोय आणि हात धुवायच्या आधी हे आपल्या फलकासाठी लिहितोय.

जवळून फोटो घ्यायची परदेशी भिंगं आयातबंदीमुळे मिळत नाहीत. डहाणूच्या बाजारातलं भिंग लावलं, तर जाळ्यातल्या कोळ्याचे पाय कडेला धूसर येतात. मला ते चालत नाही. शेवटी नजर गेली वडिलांच्या चष्म्यावर. मोतीबिंदू काढल्यानंतरचा, जाड, चांगला दहा नंबरचा!

"आबा, चष्मा द्या जरा."

"आणि मी काय आंधळा बसू?" ऑपरेशननंतर त्यांनी ओटा सोडलाच नव्हता. "चल, मीच धरतो. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चिखले गावातल्या आमच्या चिकूवाडीत आले. कॅमेऱ्यासमोर चष्मा धरून उभे राहिले. मी दोऱ्याने काचेपासून कोळ्यापर्यंत चार इंच मोजले; दहा नंबरच्या काचेतून तेवढ्याच अंतरावरचं स्पष्ट येतं. पुन्हा मोजले.

"आटप रे, कोळी म्हातारा होईल!"

फोटो झाला. चष्मा डोळ्यांवर चढवून आबांनी वर पाहिलं. "बहर बरा धरलाय की," म्हणाले आणि पुढच्या झाडांकडे एकटेच निघाले.

चष्मेवाल्याकडून त्याच नंबरची दुसरी काच करून घेता येते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या जागी असता, तर घेतली असती?